मदत हवी आहे: लिव्होफ्लॉक्स कधी घेतलीच नाही, तरी रेझिस्टंट कसं?

पारिजात_०७: आईचा युरिन कल्चरचा रिपोर्ट आत्ता आलाय, सिप्रो, लिव्हो, ओफ्लॉक्स तिन्ही अँटिबायोटिकपुढे आर (रेझिस्टंट, म्हणजे जंतूवर चालत नाही). मागे सिप्रो घेतली होती पण बाकीच्या दोन तिने आयुष्यात घेतल्या नाहीत, मग हे आलं कुठून? लॅबचा घोळ आहे का? परत कल्चर करू? डॉक्टर सातनंतर भेटतात, प्लीज लवकर सांगा कुणीतरी.

नाममात्र: जंतू कुठला ते लिही ना. आईचं वय? ताप? शुगर?

धने_जिरे: धने रात्री भिजवून सकाळी ते पाणी गाळून द्या. सासूबाईंना लगेच फरक पडला. अँटिबायोटिक नकोच.

मायक्रोवाला: धनेताई, पाणी भरपूर द्यावं हे ठीक, पण त्रास चालू असताना औषध टाळू नका, इन्फेक्शन किडनीपर्यंत चढतं.
पारिजात, लॅब बहुतेक बरोबर आहे. तिन्ही गोळ्या एकाच घराण्यातल्या, फ्लुरोक्विनोलोन. जंतूच्या डीएनएला पडलेला पीळ सोडवणारं गायरेज नावाचं एन्झाइम असतं, या गोळ्या तिथेच चिकटतात, डीएनए कापलेलाच राहतो आणि जंतू मरतो. ई. कोलायमध्ये (लघवीच्या इन्फेक्शनचा नेहमीचा जंतू) त्या गायरेजच्या ८३ नंबरच्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन आलं की गोळीची पकड सुटते, मग नाव सिप्रो असो की लिव्हो. असे एक-दोन बदल साठले की पूर्ण घराणंच बाद. शिवाय काही जंतू औषध बाहेर फेकणारे पंप वाढवतात, आणि गायरेजला या गोळ्यांपासून वाचवणारं क्यूएनआर जीन तर प्लाझमिडवरून (डीएनएचा छोटा सुटा तुकडा) एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं.

मुलुंडकर: लोक कोर्स अर्धा सोडतात म्हणून होतं हे सगळं. आईने सोडला असणार.

मायक्रोवाला: पूर्ण केला तरी होतं हो. बदल झालेले एखाद-दोन जंतू आधीच असतात, औषधाने बाकीचे मरतात आणि हे उरतात. पोषक वातावरणात ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो.

मुलुंडकर: असं लिहिलंत तर लोक दोन दिवसांत गोळ्या बंद करतील.

मायक्रोवाला: मनाने बंद करा असं मी कुठे म्हटलं? डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायच्याच.

रानवाट: कोंबड्यांना याच घराण्यातलं एन्रोफ्लॉक्स देतात, त्याचं शरीरात सिप्रोच होतं. तिकडे बघा आधी.

पोल्ट्री_सांगली: सगळं आमच्यावर ढकलू नका. कोंबड्यांना कोलिस्टिन (दुसरं एक अँटिबायोटिक) देणं २०१९ लाच बंद झालं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सिप्रो कोण नेतं?

शुभदा_के: सिप्रो दुधाबरोबर देऊ नका, कॅल्शियममुळे नीट शोषली जात नाही.

नाममात्र: अहो, सिप्रो आर आहे, ती देणारच नाहीयेत. पारिजात, जंतू?

पारिजात_०७: सॉरी, ई. कोलायच आहे. वय ६४, ताप नाही, फक्त जळजळ आणि सारखं जावं लागतं. शुगर आहे. नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिनपुढे एस (म्हणजे चालतात) लिहिलंय. घरात नायट्रोची स्ट्रिप आहे, सुरू करू का?

मायक्रोवाला: थांब, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कधी केलंय? किडनी कमजोर असेल तर नायट्रो चालत नाही, आणि ती मूत्राशयापुरतीच काम करते. ताप, थंडी किंवा कंबरेत दुखणं सुरू झालं तर सातची वाट न बघता कॅज्युअल्टीत ने.

पारिजात_०७: क्रिएटिनिन गेल्या वर्षीचं आहे, आजच करून घेते. रिपोर्ट घेऊनच डॉक्टरांकडे जाते.