परवान्याचं पुस्तक कोणाच्या कपाटात?

मोहफूल (धागाकर्ता):
गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे ते जंगल सांभाळायचा आणि त्यातली उपज घ्यायचा गावाचा हक्क. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागायचा, आणि परवान्यांचं पुस्तक वनखात्याकडे होतं. १९२७ च्या वन कायद्यात २०१७ पर्यंत बांबू म्हणजे झाड होतं, २००६ च्या वनहक्क कायद्यात मात्र गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येईल अशी उपज. खातं जुनंच धरून बसलं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पुस्तक गावचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. माझं म्हणणं एवढंच, की परवान्यावर सही ज्याची, जंगल त्याचं. वनहक्क मिळालेल्या प्रत्येक ग्रामसभेला हे पुस्तक न मागता मिळावं. मंत्री किती गावांत येणार?

निवृत्त_वनपाल:
मेंढा गावाचं कौतुक ऐकून कान किटले. तिथे अभ्यासगट आहेत, निर्णय सर्वसहमतीने होतात, एकजण अडला तरी पुन्हा बसतात. बाकी गावांना ही सवय आहे? तेंदूला (बिडीच्या पानांचं झाड) पालवी फुटावी म्हणून रान पेटवणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. बांबूचे कोवळे कोंब तोडले तर जाब कोण देणार?

मोहफूल:
ठेकेदारांच्या काळात रान पेटत नव्हतं का? तेव्हा जाब कोणी दिला, तेही सांगा.

पुणेकर_७७:
बांबू गवत आहे ना पण? शाळेत तरी तसंच शिकवलं होतं.

फळीवरची:
मी तेंदू तोडते. पहाटे निघायचं, दुपारी ओसरीभर पानं पसरून सत्तर-सत्तरचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, मोजून द्यायचे. आमच्या ग्रामसभेने स्वतः लिलाव केला, भाव बरा आला. मग ठेकेदार अर्धे पैसे देऊन गेला, तो फोनच उचलेना. करारनामा काढून बघितला तर अनामत रकमेची जागा कोरी. खाली सह्या आमच्याच.

निवृत्त_वनपाल:
मग मी वेगळं काय म्हणत होतो?

फळीवरची:
वेगळंच म्हणत होता काका. खात्याच्या लिलावात तो कागद माझ्या हाती कधी आला असता? यंदा ठरलंय, आधी अनामत, मग तोड.

निवृत्त_वनपाल:
बरं. अनामत जमा कुठे होणार? अध्यक्षाच्या खात्यात नको.

फळीवरची:
ग्रामसभेच्या. पैसे काढायला दोन सह्या लागतात, त्यातली एक माझी.