कालिना की गणेशखिंड? एम.एस्सी. फिजिक्ससाठी

जुना कालिनावाला:
परभणीच्या मुलीने साधं विचारलं होतं. एम.एस्सी. फिजिक्सला मुंबई विद्यापीठ (कालिना) आणि पुणे विद्यापीठ (गणेशखिंड) दोन्हीकडे नंबर लागलाय, कुठे जाऊ? त्यावर 'मुठाकाठचा' यांनी एका ओळीत निकाल लावला: "पुणे, डोळे झाकून. मुंबईत शिकायला नाही, लोंबकळायला जातात." काल रात्रीपासून हे वाक्य डोक्यात फिरतंय, म्हणून लिहायला बसलो.

मी दोन वर्षं कल्याणहून कालिन्याला जायचो. कुर्ल्याला उतरायचं, पश्चिमेला शेअर रिक्षा धरायची, मागे तिघं आणि चौथा ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर. हो, लोंबकळलो. पण क्वांटमची निम्मी गणितं मी त्याच लोकलमध्ये उभ्याने सोडवली, वही पुढच्याच्या पाठीला टेकवून. एकदा तो माणूस मागे वळून म्हणाला, "झालं का? मला ठाण्याला उतरायचंय." रविवारी जुहूला पृथ्वी थिएटरात टीआयएफआर या संशोधन संस्थेचं 'चाय अँड व्हाय' असायचं. शास्त्रज्ञ समोर, कोणीही उठून काहीही विचारावं. हिंगोलीचा माझा वर्गमित्र वर्गात कधी तोंड उघडायचा नाही, तो तिथे बोलायला शिकला.

आणि डोळे झाकायच्या आधी जरा उघडून बघा. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत, विद्यापीठांच्या यादीत पुणे 2024 ला 23 वं होतं, 2025 ला 56 वं. प्राध्यापक निवृत्त होत गेले आणि जागा भरल्या नाहीत की दुसरं काय होणार? मुली, विद्यापीठाचं नाव सोड. तुला जो स्पेशल विषय घ्यायचाय तो शिकवायला त्या विभागात आज कोण उरलंय, हे फोन करून विचार. दोन्हीकडे.

मुठाकाठचा:
पुण्याचे दोन आकडे दिलेत, मुंबईचा एकही नाही. विसरलात वाटतं. मग 2017 पण विसरला असाल. पेपर स्क्रीनवर तपासायची हौस आली, उन्हाळ्यातल्या परीक्षा, गणपती आले तरी काही निकाल लागेनात. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून काढलं. हे माझं मत नाही, इतिहास आहे.

इथे गेटातून आत आलं की आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन्ही संशोधन संस्था चालत जाण्याच्या अंतरावर. आयुकाच्या अंगणात न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ, आर्यभट यांचे पुतळे आहेत. कुर्ल्याच्या पुलावर कोणाचे आहेत?

जुना कालिनावाला:
पुतळे लेक्चर घेत नाहीत हो. आणि 2017 ला बारसं झालेलं पोर आता तिसरी-चौथीत गेलं. 2021 ला विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकने मुंबईला ए++ दिलं, 4 पैकी 3.65. तो इतिहास नाही का?

खोडदकर:
मला भांडायचं नाही, फक्त अनुभव सांगतो. आमच्या गावात एनसीआरएची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटरच्या 30 तबकड्या. शाळेत असताना वाटायचं, एवढ्या मोठ्या डिशवर किती चॅनेल दिसत असतील! 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आत सोडायचे, तेव्हा कळलं. पुढे पुण्यात एम.एस्सी.ला गेलो आणि एनसीआरएच्या एका सेमिनारला मागच्या बाकावर बसलो, तर पडद्यावर आमच्या शेताशेजारच्या अँटेनाचा डेटा. अंगावर काटा आला. मुंबईत हे मिळालं नसतं.

तरी एक बोलतोच. आमच्या ग्रुपमधल्या दहांपैकी सहा जणांना फिजिक्सशी काही घेणंदेणं नव्हतं. हॉस्टेलची खोली आणि जयकर ग्रंथालयातली खुर्ची, एवढ्यासाठी ऍडमिशन. एमपीएससीची तयारी. प्रॅक्टिकलला यायचे ते रीडिंग कॉपी करायला.

मांजराकाठची:
"खुर्चीसाठी" म्हणजे काय हो? माझ्या ताईने एम.ए.ला नाव घातलं ते ह्याचसाठी. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिली, एका खोलीत पाच जणी, कॉटखाली ट्रंक, ट्रंकेवर गॅस. चार वर्षं दिवाळीला घरी आली नाही. आज पीएसआय आहे आणि धाकट्या भावाची फी तीच भरते. ज्यांच्या घरून चांगला डबा येतो त्यांनी तिची खुर्ची मोजू नये.

खोडदकर:
ताईंचा अपमान करायचा नव्हता. डबा माझ्याही घरून येत नव्हता.

जुना कालिनावाला:
ताईंना सलाम. पण परीक्षेला लाखो आणि जागा काहीशे, हे गणित कोणी त्या पोरांना सांगत नाही. तिशी उलटली तरी "यंदा नक्की". क्लासवाले आणि अभ्यासिकावाले तेवढे जगतात.

मांजराकाठची:
आणि तुमचं फिजिक्स करून काय मिळतं? माझा मामेभाऊ एम.एस्सी., प्राध्यापकीसाठीच्या नेट आणि सेट दोन्ही परीक्षा पास. नऊ वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतोय, कॉलेजचं नाव घेत नाही. तासाचे पैसे, तेही दिवाळीनंतर. उन्हाळ्यात शून्य. त्याच्या लग्नाचं बोलायला गेलो तर मुलीच्या बापाने विचारलं, "पर्मनंट कधी?" मामा उठून बाहेर गेले.

मुठाकाठचा:
विषय कालिना की पुणे हा होता.

मांजराकाठची:
तुम्हीच दोघं आकड्यांनी खेळत होता. पोरीने शिकून खायचं काय, हे एकाने तरी लिहिलं का?

मुठाकाठचा:
बरं बाई, तुमचंच खरं. सगळ्यांनीच पीएसआय व्हा.

निवृत्त बाकडं:
शांत व्हा, मी गंमत सांगतो. विद्यापीठ कोणतं ते विचारू नका. मुलाला ट्रान्सक्रिप्ट हवं होतं. खिडकी 4 म्हणाली, खिडकी 9 ला जा. 9 म्हणाली, आधी 4 चा शिक्का आणा. दुपारी अडीचला मी वाकून आत पाहिलं तर दोन्ही खिडक्यांमागे त्याच बाई, चाकाच्या खुर्चीवरून इकडून तिकडे सरकत होत्या.

मुठाकाठचा:
मुंबई. पैज लावतो.

जुना कालिनावाला:
ही तर शंभर टक्के पुण्याची बाई. मुंबईत सरकायला जागा कुठंय?

निवृत्त बाकडं:
दोघंही चुकलात.

परभणीची (मूळ प्रश्न माझाच):
सगळ्यांचे आभार. काल दोन्ही विभागांत फोन केला. एकीकडे उचलला नाही, दुसरीकडे सरांनी दहा मिनिटं नीट सांगितलं. कुठल्या ते लिहीत नाही, नाहीतर इथे पुन्हा पेटेल. पप्पांचं म्हणणं, देवगिरी नाहीतर तपोवन एक्सप्रेस सरळ मुंबईला जाते, तिथेच जा. आई म्हणते पुणे, रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसलं की सकाळी संगमवाडीला, आणि तिथे आत्या आहे. फी उद्या पाचच्या आत भरायचीय. मला एवढंच सांगा, हॉस्टेल नाही मिळालं तर पुण्यात कॉट आणि मेस मिळून महिन्याला किती धरायचे? मुंबईचं काकांनी सांगितलंय, ते ऐकून पप्पा गप्प आहेत.

खोडदकर:
मेसला मी शेवटी 3200 देत होतो, दोन वेळ. कॉटचं पेठेप्रमाणे बदलतं. डिपॉझिट परत मिळेल असं धरू नकोस, आणि पावती मागून घे.

मुठाकाठचा:
औंध-बाणेरकडे बघू नकोस, परवडणार नाही. आत्या कुठे राहतात?

परभणीची:
हडपसर.

जुना कालिनावाला:
हडपसर ते गणेशखिंड रोज? मग लोंबकळणं काही चुकत नाही.

मुठाकाठचा:
हं. पीएमटीला, ते खरंय.

मांजराकाठची:
आत्याकडे नको, कॉटच घे. आणि रविवारी रात्री मेस बंद असते, तेवढं लक्षात ठेव. ताई दर रविवारी मॅगीवर काढायची.