शार्पव्हिलचा हिशेब खरेच मिटला आहे का?

माळावरचा:
काल येथे एका सदस्याने लिहिले की, वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने दक्षिण आफ्रिकेतला जुना हिशेब मिटवला आणि शार्पव्हिलचे वर्षश्राद्ध आता केवळ पक्षांच्या सोयीसाठी घातले जाते. हे वाचून गप्प बसवले नाही.

कृष्णवर्णीयांना सक्तीने जवळ बाळगावी लागणारी ओळखपत्रे, म्हणजे पासबुके, घरी ठेवून, स्वतःला अटक करवून घेण्यासाठी शार्पव्हिलच्या पोलीस ठाण्यापुढे जमलेल्या लोकांवर २१ मार्च १९६० रोजी गोळीबार झाला. अधिकृत आकडा ६९ मृतांचा, आणि त्यांतल्या बहुतेकांना गोळ्या पाठीत लागलेल्या. याबद्दल वाद नसावा. वाद 'मिटवला' या दाव्याचा आहे. आयोग माफी देणार होता ती पूर्ण सत्य सांगण्याच्या बदल्यात. जे पुढे आलेच नाहीत त्यांच्यावर खटले भरणे ही त्याच व्यवहाराची दुसरी बाजू होती आणि ती सरकारने जवळजवळ पाळलीच नाही. वर्णभेदविरोधी कार्यकर्ते अहमद तिमोल १९७१ साली पोलीस कोठडीत असताना जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून पडून मेले, १९७२ च्या चौकशीने ती आत्महत्या ठरवली, आणि तो खून होता हे न्यायालयाने म्हणायला २०१७ उजाडले, तेही कुटुंबाने पिच्छा पुरवला म्हणून. आरोपी झालेला माजी पोलीस २०२१ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, वारला. यात मिटले काय?

माजी_प्रिटोरियाकर:
आपण पुस्तकातले दुःख मांडता. मी तेथे नोकरी केली आहे. माझ्या एका गोऱ्या सहकाऱ्याचे वडील मे १९८३ मध्ये वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने प्रिटोरियात घडवलेल्या चर्च स्ट्रीट स्फोटात जायबंदी झाले. त्यात १९ जण गेले, पण फ्रीडम पार्क या प्रिटोरियातल्या स्मारकाच्या नावांच्या भिंतीवर अशा घरांना आपले कोणी दिसत नाही. त्याच भिंतीवर वर्णभेदकाळच्या जुन्या सैन्यदलातल्या मृतांना जागा नाकारली, तेव्हा समोरच्या टेकडीवर आफ्रिकानर गोऱ्यांच्या व्होर्ट्रेकर स्मारकाशी २००९ मध्ये वेगळी भिंत उभी राहिली. स्मरण एकाच बाजूचे असेल तर ते सूडाचे सौम्य रूप होय.

माळावरचा:
चर्च स्ट्रीटचे उदाहरण आपल्याच विरोधात जाते. त्या कटाचे सूत्रधार अबूबकर इस्माईल आयोगासमोर आले, जबाबदारी स्वीकारली आणि मग माफी मिळवली. तिमोल यांना ढकलणारा कधी आला? आणि वर्णभेदाची राजवट राखताना मेलेला सैनिक व तिने मारलेला माणूस एकाच भिंतीवर का असावेत, हे जरा स्पष्ट सांगावे.

माजी_प्रिटोरियाकर:
सक्तीच्या भरतीने नेलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला आपण राजवट म्हणता! वातानुकूलित खोलीत बसून असा न्याय करणे सोपे असते.

सुलभा_काकू:
भिंतींवरून भांडणाऱ्या दोघांनीही मूळ आंदोलन कोणाचे होते, हे सोयीस्करपणे वगळले आहे. पासविरोधी हाक आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची नव्हे, पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसची होती आणि तिचे नेते रॉबर्ट सोबुक्वे त्याच दिवशी जोहान्सबर्गजवळच्या ओरलँडोत स्वतःला अटक करवून घेत होते. आज तो दिवस 'मानवी हक्क दिन' या गुळगुळीत नावाने पाळला जातो, भाषणे सत्तेतल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची होतात आणि सोबुक्वे तळटिपेत जातात. आमच्या घरात स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले आजोबा होते. त्यांच्या गावच्या सोहळ्यात व्यासपीठावर कोण बसत असे हे मी पाहिले आहे, म्हणून हा प्रकार चटकन ओळखू येतो.

माजी_प्रिटोरियाकर:
म्हणजे पक्षांची सोय हा मुद्दा खराच की! काल ते लिहिणाऱ्या सदस्याची आता माफी मागायची का?

सुलभा_काकू:
सोय आहे म्हणून स्मरण बंद करावे, असे मी म्हटलेले नाही, नीट वाचावे. आयोगाने पीडितांना सहा वर्षे दरवर्षी भरपाई सुचवली होती, सरकारने २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड देऊन हात झटकले. भाषणाला पैसे लागत नाहीत.

माळावरचा:
काकूंचा नावाबद्दलचा आक्षेप मान्य, जरी त्यांनी तो मलाच झोडपण्यासाठी वापरला असला तरी. सक्तीने भरती झालेल्या पोरांविषयी माजी_प्रिटोरियाकर यांचे म्हणणेही मी पूर्ण खोडू शकत नाही. पण तुलना करायचीच तर त्यांनी १९८५ मध्ये सुरक्षा पोलिसांनी मारलेले क्रॅडॉकचे चौघे कार्यकर्ते घ्यावेत, ज्यांच्या मृत्यूची तिसरी न्यायालयीन चौकशी २०२५ मध्ये सुरू करावी लागली.

माजी_प्रिटोरियाकर:
घेतले. खटले चालवा, माझी कधीच हरकत नव्हती. भिंतीवरचे माझे मत मात्र आपल्या दीर्घ प्रवचनानंतरही तसेच आहे.