बाबा श्रीलंकेला होते, त्यांची सवय माझ्यात आली, आता पोरात पण येतेय का?

पांदणवाला:
बाबा १९८७ ला श्रीलंकेत गेलेल्या भारताच्या शांतिसेनेत जाफन्याकडे होते, मी तेव्हा रांगत होतो. घरी लढाईचा विषय कधीच निघाला नाही. पण शेतात जाताना बाबा पांदणीच्या मधातून चालतच नाहीत, कडेच्या गवतातून चालतात, अन कुठं माती ताजी उकरलेली दिसली की मला दंडाला धरून मागं ओढायचे, डुकरानं उकरलेली असली तरी. रात्री शेजारच्या वावरात रानडुकरं हाकलायला कोणी सुतळी बॉम्ब फोडला की बाबा खाटेखाली, मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलणं बंद. परवा बायको म्हणाली तुम्हीबी कडेनंच चालता अन पोराला सारखं इथं पाय नको ठेवू तिथं नको. खरंच आहे ते, अन मी तर सुरुंग डोळ्यानं पाहिला पण नाही. पोरगा दुसरीत आहे, वावरात यायचं नाव काढलं की रडतो. बाबांना विचारू का?

वऱ्हाडाची लेक:
माहे बाबा ७१ च्या लढाईत होते. ढाक्यात ९३ हजार कैदी धरले हे सारं गाव सांगे, १५ ऑगस्टले शाळेत त्यायले हार घालत. घरी मात्र रात्री उठून आंगणात झोपलेल्या आम्हा पोरायची डोकी मोजत, काहून ते कोणी विचारलं नाही, बापाले विचारायची पद्धतच नव्हती. आता मी नागपूरच्या होस्टेलवर पोरीले रोज रात्री फोन करते, नाही उचलला तं माहा जीव थाऱ्यावर राहत नाही. तुमचे बाबा आहेत, विचारा.

शेतकरी_७७:
जुनं कायले उकरता भाऊ. माणूस चांगला खाऊनपिऊन आहे, राहू द्या.

माजी सैनिक, वाशिम:
मी होतो तिथं. एलटीटीईवाले (तमिळ बंडखोर) रस्त्याखाली, मोऱ्यांमध्ये सुरुंग पुरायचे अन लांबून वायरनं उडवायचे, म्हणून आम्ही रस्ता सोडूनच चालायचो. तुमचे बाबा अजून तीच ड्रिल करतात, तिच्यामुळंच जिवंत आले, पोराला हेच सांगा. मेजर परमेश्वरन आमच्याच महार रेजिमेंटचे, २५ नोव्हेंबर १९८७ ला गेले, परमवीरचक्र भेटलं. जवळपास १२०० जवान गेले तिथं अन मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तं मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. कारगिलवाल्यांचं गावोगाव कौतुक झालं (व्हायलाच पाहिजे होतं), आम्हाला कोणी काही विचारलंच नाही, मग बोलणार कोणाजवळ? किती मारले असं चुकूनही विचारू नका. कंपनी कोणती, सोबत कोण होतं, लंगरमध्ये काय भेटायचं, इथून सुरू करा.

सिस्टर_अकोला:
@शेतकरी_७७ दादा, राहू दिलं म्हणूनच तर ते नातवापर्यंत पोचलं. याला डॉक्टरी भाषेत पीटीएसडी म्हणतात, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनात राहून गेलेला त्रास, १९८० पासून आजार म्हणून नोंद आहे, औषध अन बोलणं दोन्हीनं फरक पडतो. बाबांचं ईसीएचएस (माजी सैनिकांची उपचार योजना) कार्ड असेल तर तिथं दाखवा, नाहीतर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठी सरकारी फोनसेवा, फुकट आहे, मराठीत बोलतात. अन शेजाऱ्याला सांगा की बॉम्बऐवजी कुंपणाला झटका मशीन लाव, नाहीच जमलं तर फोडायच्या आधी एक आवाज तरी दे.