एएमएफच्या काळातली हार्ली: तेल नक्की कोणी गळवलं?

सायलेन्सर
जुन्या मोटारसायकलींचा विषय निघाला की कोणीतरी हटकून म्हणतंच, "सत्तरच्या दशकातली हार्ली नको रे बाबा, त्या वेळी युनियनने कंपनीची पार वाट लावली होती." परवा पुन्हा ऐकलं, म्हणून हा धागा.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. 1969 मध्ये एएमएफ या अमेरिकन कंपनीने हार्ली-डेव्हिडसन विकत घेतली. बोलिंगच्या पिना उभ्या करणारी यंत्रं बनवणारी हीच ती. काही वर्षांत उत्पादन तिपटीच्या वर नेलं. 1973 मध्ये गाड्यांची जुळणी पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला हलवली, इंजिनं मात्र शेकडो मैल दूर मिलवॉकीतच. मिलवॉकीतल्या माणसांच्या पोटात गोळा येणारच. 1974 मध्ये संप झाला आणि तो चांगलाच लांबला. लाइनवरून सुटे भाग न लावलेल्या गाड्या उतरायच्या, त्या डीलरने पुऱ्या करायच्या. शोरूममध्ये नव्या गाडीखाली पुठ्ठा अंथरलेला असायचा, तेल टिपायला.

आता मला सांगा, तिप्पट गाड्या काढा हे कोणी ठरवलं? संप 1974 चा. तक्रारी त्याच्या आधीपासूनच्या.

जमाखर्च
ठरवलं मालकांनी, मान्य. पण बोल्ट आवळणारा हात कोणाचा होता? वर कोणीतरी आकडा वाढवला म्हणून खाली नट हातानेच फिरवून सोडून द्यायचा, हा कुठला न्याय?

आणि एएमएफला सरसकट खलनायक करणं मला पटत नाही. 1968 मध्ये बँगर पंटा नावाची कंपनी हार्ली गिळायला टपली होती. तिच्या तावडीतून सुटायलाच हार्लीवाले एएमएफकडे गेले. ज्या इव्होल्यूशन इंजिनाने पुढे कंपनी तारली ते 1984 च्या गाड्यांत आलं खरं, पण त्याच्यावरचं काम एएमएफच्या पैशांवर सुरू झालं होतं. शिवाय त्या काळच्या हार्लीतलं शॉव्हलहेड इंजिन 1966 चं, म्हणजे एएमएफ येण्याआधीचं. तेही काही सोवळं नव्हतं.

पाना नंबर तेरा
जमाखर्च, लाइनवर कधी उभे राहिलात का? मी राहिलोय, अकरा वर्षं. कंपनीचं नाव सांगत नाही, हार्ली नव्हे एवढंच.

बोल्ट आवळणारा हात म्हणालात ना, त्या हाताचं सांगतो. इंजिनच्या कव्हरला गास्केट, म्हणजे तेल गळू नये म्हणून सांध्यात घालायची पातळ चकती, ठेवायचं, कव्हर बसवायचं, बोल्ट गनने ओढायचे, मग टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराला आवाज करणाऱ्या पान्याने, एकेक तपासायचा. रेंच 'कट्' वाजला की पुढचा. लाइनचा वेग वाढवला की पहिला बळी त्या 'कट्'चा. सगळे बोल्ट तपासायला वेळच उरत नाही, मग माणूस कोपऱ्यातले दोन तपासतो आणि बाकीच्यांवर रंगाचा ठिपका मारून मोकळा होतो.

एकदा महिनाअखेरीला एका इंजिनचं गास्केट आत दुमडलेलं दिसलं. मी 'सदोष' म्हणून लाल टॅग बांधला. सुपरवायझर आला, टॅग सोडला आणि माझ्यासमोर खिशात घातला. "जाऊ दे पुढे, डिस्पॅच अडलाय." लाइन थांबवायचा अधिकार मला नव्हता, आणि ज्याला होता त्याचा पगार निघालेल्या गाड्यांवर ठरायचा.

उलटा गिअर
अमेरिकन कामगारच आळशी, असं म्हणणाऱ्यांनी ओहायोतलं मेरीसव्हिल आठवावं. होंडाने तिथे 1979 मध्ये मोटारसायकल कारखाना सुरू केला, 1980 पासून गोल्डविंग तिथे बनू लागली. माणसं त्याच देशातली. हार्लीचे साहेब तो कारखाना बघून आले, तर तिथे ना रोबोंची फौज ना कागदांचे ढीग. साधी, नेटकी लाइन.

जमाखर्च
@उलटा गिअर, आयतंच दिलंत. मेरीसव्हिलला युनियन नव्हती!

सायलेन्सर
नव्हती, बरोबर. पण हार्लीत होती आणि राहिली. 1981 मध्ये व्हॉन बील्स, विली जी. डेव्हिडसन धरून तेरा अधिकाऱ्यांनी कंपनी एएमएफकडून परत घेतली, तेव्हा युनियन त्याच होत्या. फरक पडला तो कामाच्या पद्धतीत. भागांचे डोंगर रचणं बंद केलं, लागेल तेव्हा लागेल तेवढंच बनवायचं. आधी छिद्र चुकलं तर शेकडो तुकडे कपाटात जाऊन बसल्यावर कळायचं, आता पुढच्याच टेबलावर कळायला लागलं. आणि मशीनवरच्या माणसाला स्वतःच मापं घेऊन तक्ता भरायला शिकवलं. माप सरकतंय असं दिसलं की तोच मशीन सुधारणार, इन्स्पेक्टरची वाट बघत बसायचं नाही.

जमाखर्च
पद्धत बदलली, आणि 1982 च्या सुमारास जवळपास चाळीस टक्के माणसं घरी गेली, ते का गाळलंत? 1983 मध्ये रेगन सरकारने 700 सीसीवरच्या परदेशी गाड्यांवर पहिल्या वर्षी 45 टक्के जादा जकात लावली, तेही राहिलं. मानेवर सुरी असली की सगळ्यांचेच हात नीट चालतात.

पाना नंबर तेरा
जकातीने गास्केट सरळ होत नाही हो. आणि कपातीचं म्हणाल तर युनियनच्या करारात सहसा शेवटी आलेला आधी जातो. म्हणजे घाईघाईत भरलेली पोरं गेली आणि मुरलेली माणसं राहिली असणार. सुरीपेक्षा मी हे कारण मोठं धरीन. भ्यालेला माणूस टॅग बांधत नाही, लपवतो.

किकस्टार्ट
दोघांनाही अडचणीत आणणारं उदाहरण देतो. इंग्लंडमधलं मेरिडेन. 1973 मध्ये ट्रायम्फ मोटारसायकलींचा तो कारखाना बंद करायचं ठरलं तेव्हा कामगारांनी आतच ठाण मांडलं. 1975 मध्ये सरकारी कर्ज मिळून कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, सुरुवातीला सगळ्यांना सारखा पगार. संप कोणाविरुद्ध करणार? गिअर डावीकडे घेण्याचा बदलही त्यांनी करून दाखवला. पण इंजिनाचं मूळ 1937 चं, इलेक्ट्रिक स्टार्ट यायला 1980 उजाडलं, आणि 1983 मध्ये कुलूप. नवं इंजिन काढायला पैसा लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता. मालक वाईट असेल, पण भांडवल कुठून तरी आणावंच लागतं.

सायलेन्सर
हे मला मान्य करावं लागेल. जुनं डिझाइन कितीही प्रेमाने आवळलं तरी जुनंच. पण मेरिडेनला युनियनने बुडवलं असंही यातून निघत नाही ना?

जमाखर्च
तारलं असंही निघत नाही. असो, माझं मत अजून तेच आहे. पाना, एक विचारू? त्या टॅगवाल्या इंजिनचं पुढे काय झालं?

पाना नंबर तेरा
गाडी गेली. दीड महिन्याने इंजिन वॉरंटीत परत आलं, बाहेरून तेलाने माखलेलं. कव्हर उघडलं तर गास्केट तसंच दुमडलेलं. दुरुस्तीला मलाच दिलं, रविवारी, ओव्हरटाइम देऊन.