कॉक्टो ट्विन्स : शब्द न कळता गाणं मोठं होतं का?

संधिकाल:
ड्रीम पॉप, म्हणजे धूसर, तरंगत्या आवाजाचं पॉप, म्हटलं की आपल्याकडे बीच हाउस नाहीतर स्लोडाइव्ह हे बँड, पण ज्यांनी हा रस्ता पाडला ती स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथची, तेल रिफायनरीच्या गावची कॉक्टो ट्विन्स ही मंडळी मागेच राहतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांचा १९८४ चा अल्बम 'ट्रेझर' लावा. गायिका एलिझाबेथ फ्रेझर काय गातेय त्यातली ओळ न् ओळ डोक्यावरून जाते आणि तरी 'लोरेलाय' या गाण्यात आवाज वर चढला की अंगावर काटा येतो. शब्द लागत नाहीत म्हणूनच गळा नीट ऐकू येतो!

तालमणी:
गळा मान्य, बाकी नाही. गिटारवर एवढे इफेक्ट्स चढवलेत की खाली चाल किती उरते? खुद्द त्यांचा गिटारिस्ट रॉबिन गथ्री 'ट्रेझर'वर खूश नव्हता. त्यात ड्रमर नाही, मशीनचा ठोका. आणि बोलच नसतील तर मला ते अर्धं काम वाटतं.

संधिकाल:
तराणा ऐकतोस ना रे? तिथे कुठे अर्थ मागतोस?

तालमणी:
तिथे राग असतो, लय चढत जाते, सम गाठायची असते. इथे ते बंधन कुठाय?

रेवाकाठ:
तालमणी, १९८६ चा 'व्हिक्टोरियालँड' ऐका. बँडचा बेसिस्ट सायमन रेमंड त्यात नाही, ड्रम जवळपास नाहीतच, काही ठिकाणी पाहुणा वादक रिचर्ड थॉमसचा तबला आणि सॅक्सोफोन, बाकी गिटार आणि फ्रेझर. एवढं काढून घेऊनही गाणं उभं राहतं म्हणजे चाल आहेच की. पण संधिकाल, तुमचंही पटत नाही. १९९० च्या 'हेवन ऑर लास वेगस'मध्ये शब्द आधीपेक्षा बरेच लागतात, ती नुकती आई झाली होती आणि तो आनंद सरळ पोचतो, ब्रिटनमध्ये सातव्या नंबरपर्यंत गेला तो अल्बम. माझ्या मते त्यांचा सगळ्यात उत्तम.

संधिकाल:
उत्तम आहेच, पण त्यातलं 'चेरी-कलर्ड फंक' काय म्हणतंय यावर अजून लोकांचं एकमत नाही. १९९३ च्या 'फोर-कॅलेंडर कॅफे'त शब्द स्वच्छ झाले आणि मला तिथेच जादू उतरलेली वाटते.

तालमणी:
मला तर तोच जवळचा. तिचं आणि गथ्रीचं नातं मोडलं त्या काळातला अल्बम, आणि 'ब्लूबीअर्ड'मध्ये ती समोरच्याला थेट प्रश्न विचारते, तू माझ्यासाठी योग्य आहेस का म्हणून. इतकी वर्षं ऐकलेल्या बाईचं दुखणं तिथे पहिल्यांदा कळलं मला, ते इफेक्ट्समागे राहिलं असतं तर कसं कळलं असतं?