मूळ पाप, जन्मपाप की पातक?

खाडीकाठ: भाचीच्या बाप्तिस्म्यासाठी छोटी पुस्तिका कोकणीतून मराठीत करतोय, तिच्या बापाकडचे लोक रत्नागिरी साईडचे हिंदू, त्यांना आमच्या प्रार्थना समजाव्यात म्हणून. आदाम-एवापासून माणसात आलेल्या पापाला 'जन्मपाप' लिहिलं तर मावशी भडकली, "चेडवाच्या जन्मात पाप खंय इला?" 'मूळ पाप' केलं तर तिकडच्यांना वाटलं पोरीनं मागच्या जन्मी काही केलंय. काय लिहू?

माडबनकर: मूळ पापच ठेवा. मागच्या जन्माचं संचित ज्याचं त्याचं असतं, हे तर बाळानं केलेलंच नाही, वंशाबरोबर आलेलं. कॅथलिक शिकवणीतही तो बाळाचा वैयक्तिक अपराध मानत नाहीत. आपल्याकडे घराघरात मूळपुरुष असतो, गाऱ्हाण्यात वाडवडलांची चूकभूल पोटात घाल म्हणतातच की, त्यामुळे 'मूळ' त्यांना बरोबर कळेल.

देवगडी: मला 'पातक' हवं. पत् म्हणजे पडणं, पाडतं ते पातक, आणि आदामची गोष्ट पतनाचीच आहे. 'पाप' फार गुळगुळीत झालंय.

शाळामास्तर: पातक आता फक्त कीर्तनात उरलंय हो! पोरं सरळ ओरिजिनल सिन म्हणतात, तेच लिहा.

देवगडी: मुळीच नको. फादर स्टीफन्स इंग्लंडहून येऊन मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहितात, १६१६ साली ते छापलं जातं, आणि आपण मराठी असून इंग्रजी शब्द उसना घ्यायचा? पटत नाही मला.

दर्या: शब्द कुठलाही घ्या पण एक फरक पुस्तिकेत आलाच पाहिजे. बाप्तिस्म्यानं मूळ पाप जातं तरी पापाकडची ओढ राहते, आणि कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५४६ मध्येच सांगितलं की ती ओढ म्हणजे खरं पाप नव्हे, प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या लूथरचं म्हणणं मात्र उलट होतं. या ओढीला मी 'खोड' म्हणेन, जित्याची खोड म्हणतो ना तीच. नाहीतर मनात नुसता मोह आला तरी माणूस स्वतःला पापी समजून कुढत बसतो, असे लोक मी जवळून पाहिलेत.

माडबनकर: बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातही पायऱ्या वेगळ्याच आहेत, आधी वासना, मग पाप, मग मरण. खोड मात्र नको, खोड सवयीची असते, स्वभावाची नाही.

दर्या: आमच्याकडे जन्मखोड म्हणतात!

बंदरवाडी: मोहावरून आठवलं, प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही प्रोटेस्टंट "परीक्षेत आणू नको" म्हणतो, कॅथलिक मराठीत "मोहात पडू देऊ नकोस". मूळ ग्रीक शब्दात दोन्ही अर्थ आहेत म्हणे.

खाडीकाठ: कोकणीत तिथे 'ताळणी' आहे. पण माझा प्रश्न पापाचा होता.

शाळामास्तर: ताळणी म्हणजे परीक्षाच, हिशोबाचा ताळा करतो ना आपण, त्यातलाच शब्द असणार.

देवगडी: मला नाही वाटत. कोकणीत ताळो म्हणजे गळा, आवाज. सैतान हाक मारतो ती ताळणी.

बंदरवाडी: माझ्या आजीच्या तोंडी ताळणी म्हणजे भुरळच, परीक्षेचा अर्थ तिला कोणी सांगितला असता तर तिनं ऐकून घेतलं नसतं.